ज्युरी म्हणजे आपली गल्लीच की

कृष्णाकाठची:
काल इथं एकानं ज्युरीबद्दल, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाबद्दल, लिहिलं, "न्यायाधीश पुस्तक बघतो, ज्युरी माणूस बघते. ज्युरी परत आणा, बायकांना न्याय मिळेल." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

चौदा वर्षं सांगलीत वकिली करते. पोटगी आणि सासरच्या छळाचं जुनं ४९८-अ, हेच रोजचं. ज्युरीत बसायला माणसं कुठून आणणार? आपल्याच गल्लीतून ना? माझ्या अशिलाबद्दल ज्यांचं आधीच ठरलंय, तीच. नानावटी आठवा, १९५९. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्युरी आठ विरुद्ध एक: निर्दोष. न्यायाधीशांना पटलं नाही म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. नवऱ्याच्या जागी बायको असती तर? फ्लोरिडात ग्वेंडोलिन हॉइटनं नवऱ्याला बेसबॉलच्या बॅटनं मारलं. सगळी पुरुषांची ज्युरी, दोषी ठरली. तिथं बाईनं स्वतः जाऊन नाव नोंदवलं तरच तिला ज्युरीत घेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २० नोव्हेंबर १९६१ ला सांगितलं, यात काही गैर नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानं नानावटीची शिक्षा कायम केली २४ नोव्हेंबर १९६१ ला. चार दिवसांचं अंतर.

आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक सांगलीत कुणी पाहिलं नाही असं नाही. त्यातल्या लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाईला घेरतात ती तिच्याच नाटकमंडळातली माणसं.

नाट्यवेडा:
ताई, नाटक नीट बघा. तेंडुलकरांच्या त्या कोर्टात ज्युरी नाहीच. न्यायाधीश आहे, काशीकर, आणि तो खुर्चीवरून उठून स्वतःच साक्षीला उभा राहतो. म्हणजे नाटक तुमच्या विरुद्ध बोलतंय.

अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेलची १९१७ ची कथा घ्या, नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेल्या बाईची. आयोवात बातमीदार असताना तिनं अशाच एका खुनाच्या बातम्या दिल्या होत्या. कथेत शेरीफ आणि मंडळी घरभर पुरावा शोधतात, स्वयंपाकघराला हसतात. बरोबरच्या दोन बायकांना तिथंच सगळं दिसतं: वेडीवाकडी पडलेली टीप, मान मुरगळलेला पक्षी. बाईचं घर वाचायला बाईच लागते. ज्युरीत बायका बसवा, प्रश्न मिटला.

न्यायाधीशांचं एवढं कौतुक असेल तर मथुरा प्रकरण, पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचं, विसरलात का? १९७८, सुप्रीम कोर्ट. अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलीस सुटले. तिथं कुठली गल्ली होती?

कृष्णाकाठची:
काशीकरचं मान्य, चुकले. मथुराचंही नाकारत नाही, वाचताना आजही हात थरथरतात. पण तो निकाल लिहिलेला होता. म्हणून १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांना त्यावर जाहीर पत्र लिहिता आलं, आंदोलन उभं राहिलं, १९८३ ला कायदा बदलला. ज्युरी कारणच देत नाही. भांडायचं कशाशी?

कुंडलकर:
फ्लोरिडा कशाला हिंडताय? आपल्या मातीत होतं की! पत्री सरकार, इंग्रजांविरुद्धचं आपलं समांतर सरकार, १९४३ ते ४६, गावोगाव न्यायदान मंडळं. तेव्हा इथला बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच. आमच्या आज्जीला नवऱ्यानं टाकलं, दुसरी आणली. मंडळानं त्याला चावडीवर उभं केलं आणि एका बैठकीत दीड एकर आज्जीला लावली. वकील नाही, तारीख नाही. तुम्हा काळ्या कोटवाल्यांना हे पटायचं नाही, तुमची चूल कशावर चालणार?

माहुलीकर:
सातारकर म्हणून सांगतो, राघोबादादाला देहान्त सुनावणारे रामशास्त्री आमच्या माहुलीचे. एकटा माणूस होता, जमाव नव्हे. जमावाला तेवढी छाती नसते. आणि पत्री सरकारात तळपायावर काठ्या मारायचे, त्याला न्याय म्हणायचं का? अपील कुठं होतं?

कुंडलकर:
तोंड सांभाळा. माझे आईकडचे आजोबा इंग्रजांच्या तुरुंगात होते. काठ्या सावकारांना आणि दरोडेखोरांना पडल्या, गरिबाला नाही. तुमच्या रामशास्त्रींचा निकाल तरी अमलात आला का? राघोबा त्यानंतर दहा वर्षं जगला!

वाळव्याची लेक:
भांडण थांबवा, माझं ऐका. माझ्या बहिणीचं प्रकरण आधी गावातल्या तंटामुक्ती समितीपुढं गेलं. समितीत दोन बायका होत्या. "रात्री फोनवर कोण असतं गं तुझ्या?" हा पहिला प्रश्न त्यांच्यातल्या एकीचा. पाठीवरचे वळ कुणी बघितले नाहीत. "सांभाळून घे" म्हणून परत पाठवली. चार महिन्यांनी हात मोडून माहेरी आली.

नाट्यवेडा:
वाईट वाटलं. बाई बसवली की झालं, हे माझं म्हणणं मागं घेतो. पण कोर्टात तरी तिला काय मिळालं?

वाळव्याची लेक:
सात वर्षांनी पोटगी. तीही तीनदा थकली.

कृष्णाकाठची:
या सात वर्षांवर माझ्याकडं उत्तर नाही. कुंडलकर, एक विचारते, राग मानू नका. ती दीड एकर आज्जींच्या नावावर सातबाऱ्याला चढली होती का?

कुंडलकर:
नाही. शब्दावर होती. ५२ साली चुलत्यांनी नांगर घातला. दाखवायला कागद नव्हता.

पण तोवरची आठ वर्षं तिनं स्वतःच्या रानातली ज्वारी खाल्ली. तुमच्या कोर्टात गेली असती तर तेवढीही खाल्ली नसती. हेही लिहा.