मदत हवी आहे: पॉवर सीट मागे जाते, पुढे येत नाही (नागपूर)

मंडळी, गाडीच्या इलेक्ट्रिकलमधलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

गाडी 2019 ची डिझेल एसयूव्ही. ड्रायव्हरची सीट बटणावर चालते, मेमरी नाही. गेल्या आठवड्यापासून सीट मागे झकास सरकते, पुढे मात्र येत नाही. बटण पुढे ढकललं की खालून एकदा टक् आवाज येतो, बस. पाठ आणि उंची दोन्ही व्यवस्थित चालतात, म्हणजे फ्यूज शाबूत आहे.

मी उंच, त्यामुळे सीट माझ्या मापाने पार मागे जाऊन अडकली आहे. गाडी रोज चालवते ती बायको. तिचं ऑफिस मिहानला. पाठीमागे उशी घेऊन चालव, असं घरच्यांनी सुचवलं, पण ते मला पटलं नाही. ब्रेक कचकन दाबायची वेळ आली की उशी दबते आणि पाय कमी पडतो. वर्धा रोडवर ट्रकांच्या गर्दीत हा धोका कशाला पत्करायचा? सध्या ती खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे ऑटोने जाते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सीट उघडलीसुद्धा नाही. 'मोटर गेली, रेलसकट (सीट ज्यावर सरकते ती पट्टी) पूर्ण सेट बदला' म्हणाले. खर्च पाच आकडी. हे मला मान्य नाही. पुढे आणि मागे नेणारी मोटर एकच असते, स्विच फक्त तिच्या दोन वायरींवरचे प्लस आणि अर्थ उलटसुलट करतो. मोटर जळली असती तर सीट मागे तरी कशी गेली असती? वायरीही त्याच दोन. मग उरतो स्विच, नाहीतर रेलमध्ये काहीतरी अडकलेलं.

रेल मी टॉर्च लावून तपासली. संत्र्याच्या बिया, पेनचं टोपण आणि धूळ मिसळून चिकट झालेलं जुनं ग्रीस निघालं. सगळं पुसून नवीन ग्रीस लावलं, फरक शून्य.

मग सीटखाली हात घालून मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. कनेक्टर सुटा असताना दोन्ही दिशांना 12 च्या वर व्होल्टेज मिळतं. मोटर जोडून बटण दाबलं की मागच्या दिशेला साडेअकरा टिकतं, पुढच्या दिशेला एकदम चारच्या खाली कोसळतं. म्हणजे लोड आला की त्या बाजूचा करंट कुठेतरी अडतो. माझा संशय स्विचमधल्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टवर आहे. स्विच दाराकडच्या बाजूला आहे, पावसाळ्यात दार उघडलं की थेंब नेमके तिथेच पडतात.

आता खरी अडचण. स्विच काढायला साइडचं कव्हर निघायला हवं, आणि त्याचा मागचा स्क्रू दोन दारांमधल्या खांबाच्या आड गेला आहे. पूर्ण सीट काढावी तर मागचे दोन बोल्ट सीट पुढे आल्याशिवाय दिसत नाहीत.

म्हणून विचार असा आहे: गाडीच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मोटरचा कनेक्टर सोडायचा आणि मोटरला बाइकच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून 15 अँपिअरचा फ्यूज टाकून थेट सप्लाय द्यायचा. सीट पुढे आली की कव्हर उघडायचं. सीटखालच्या पिवळ्या एअरबॅग कनेक्टरला हात लावणार नाही. असं कुणी केलं आहे का? 15 चा फ्यूज पुरेल का? आणि सीट शेवटाला पोचली की मोटर आपोआप थांबते, की सप्लाय लगेच तोडायला हवा?

दुसरं, असा स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ करून टिकतो का, की थोड्या दिवसांत पुन्हा तेच? माझ्या मीटरच्या आकड्यांवरून निष्कर्ष चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

मानेवाडा, सक्करदरा, नंदनवन भागात मीटर लावून फॉल्ट शोधणारा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडीचं मॉडेल हवं असेल तर मीही व्यनितून कळवतो.