मदत हवी आहे: २ ऑक्टोबरच्या जोडसुट्टीत दादरहून गाडी न चालवता कुठे जाता येईल?

नमस्कार. यंदा, म्हणजे २०२६ साली, गांधी जयंती शुक्रवारी येत असल्यामुळे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवसांची सुट्टी मिळते आहे आणि त्यासंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आम्ही चौघे आहोत: मी, यजमान, तिसरीत शिकणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे वय बहात्तर असून त्यांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर त्या सावकाश चालतात, परंतु दगडी पायऱ्या, होडीतून उडी मारून उतरणे किंवा भारतीय पद्धतीचे शौचालय त्यांना जमणार नाही. त्या दिवसांत पितृपक्ष चालू असेल, मात्र आमच्या घरातील तिथी आधीच होऊन जाते, त्यामुळे ती अडचण नाही.

आमच्याकडे मोटार आहे, पण ती न्यायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. जोडसुट्टीच्या पहिल्या सकाळी बोरघाटात वाहनांची जी रांग लागते तिच्यात मुलीला आणि सासूबाईंना तासन्‌तास बसवून ठेवायचे, मुक्कामी पोहोचल्यावर थकून झोपायचे आणि रविवारी दुपारपासून पुन्हा परतीच्या गर्दीची धास्ती घ्यायची, याला आम्ही सुट्टी म्हणू शकत नाही. म्हणून ठिकाण निवडताना ते किती प्रेक्षणीय आहे यापेक्षा घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, हीच पहिली कसोटी ठेवली आहे. चार तासांच्या पलीकडचे काहीही नको.

या कसोटीवर लोणावळा आणि महाबळेश्वर आपोआप बाद झाले. तारकर्ली मनात होते, परंतु कोकण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होताच संपते आणि पावसाळी वेळापत्रक साधारणपणे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत लागू असल्याने गाड्याही सावकाश धावतात. कास पठाराचा फुलांचा हंगाम तेव्हा संपत आलेला असेल, शिवाय साताऱ्यापर्यंतचा रस्ता पुन्हा बोरघाटातूनच जातो. उरली तीन नावे: माथेरान, मांडवा-अलिबाग आणि डहाणू-बोर्डी. यांपैकी कोणते आमच्यासाठी योग्य ठरेल? माथेरानमध्ये वाहनबंदी असल्याने मुलीला मोकळेपणाने हिंडता येईल, म्हणून माझा कल तिकडे आहे, परंतु गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला वर कसे न्यावे हे कळत नाही. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: नेरळकर

माथेरान माझे आवडते आहे आणि तरीही या विशिष्ट तीन दिवसांसाठी आपण तेथे जाऊ नये, असे स्पष्टपणे सांगतो. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासून धावते हे खरे, पण पावसाळ्यात ती बंद असते आणि सामान्यतः ऑक्टोबरच्या मध्यानंतरच सुरू होते. त्यामुळे आपल्याला नेरळ स्थानकाबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे लागेल. तेथून पुढे मोटारीला बंदी आहे. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत शटल गाडी पावसाळ्यातही बहुधा चालू असते, परंतु तिची आसने मोजकी असल्याने जोडसुट्टीत तिकीट खिडकीपुढे मोठी रांग लागते. हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि माणसाने माणसाला ओढण्याची ती पद्धत संपणे योग्यच होते. ई-रिक्षा आहेत, पण आलेल्या पर्यटकांच्या मानाने फारच थोड्या. घोड्यावर आपल्या सासूबाई बसतील असे वाटत नाही.

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. बाजारपेठ सोडली की बहुतेक पॉइंट लाल मातीच्या, चढउताराच्या वाटांवर आहेत आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या वाटा निसरड्या असतात. म्हणजे आपण तिघे हिंडायला जाल आणि सासूबाई हॉटेलच्या व्हरांड्यात बसून राहतील. डिसेंबर-जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, नेरळहून छोट्या गाडीत जागा मिळवून अवश्य जावे. तेव्हा तो प्रवासच त्यांच्यासाठी सहल ठरेल.

प्रतिसाद: माझगावचा रहिवासी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. लोकांना ती मोटारी नेणारी बोट म्हणून ठाऊक आहे, पण मोटारीशिवायही तिच्यात बसता येते. जोडसुट्टीत वाहनांच्या जागा भरल्या तरी पायी प्रवाशांना तिकीट मिळण्याची शक्यता अधिक असते. प्रवास सुमारे एक तासाचा आहे. गेटवेहून सुटणाऱ्या लाँचपेक्षा ज्येष्ठांना ही बोट सोयीची, कारण चढताना हलत्या होडीत पाय टाकावा लागत नाही. दादरहून धक्क्यापर्यंत टॅक्सीने या.

अलिबाग शहरात मुक्काम करू नका, तेथे त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मांडव्याजवळच आवास, सासवणे, किहीम या गावांत वाडीतील घरगुती निवास पाहा. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांच्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा घडवणारे तेच करमरकर. तेथील म्हैस आणि इतर शिल्पे मुलीला नक्की आवडतील आणि सासूबाईंना चालावेही फारसे लागणार नाही. मुरूडचा जंजिरा मात्र यादीतून काढा. होडीतून किल्ल्याच्या दारात उतरणे धडधाकट माणसालाही अवघड जाते.

एक सावधगिरी: मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. आपल्या तीन दिवसांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस होऊ शकतो आणि हवामान बिघडले की जलवाहतूक थांबवतात. परतीसाठी वडखळमार्गे रस्त्याचा पर्याय डोक्यात ठेवूनच निघा. तो रस्ता त्या दिवशी कसा असेल, हे सांगायला नको.

प्रतिसाद: सह्यवेडा

तिन्ही सोडा आणि भंडारदऱ्याला जा. विल्सन धरणाला यंदा शंभर वर्षे होत आहेत, जलाशय काठोकाठ भरलेला असतो, रंधा धबधब्याला भरपूर पाणी असते आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. रेल्वेने इगतपुरी गाठून तेथून तीन दिवसांसाठी मोटार ठरवता येते.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माथेरानचा विषय हिवाळ्यापर्यंत पुढे ढकलला. भंडारदऱ्याबद्दल माझी शंका अशी की तेथील प्रत्येक ठिकाण दुसऱ्यापासून लांब आहे, त्यामुळे मोटारीतले बसणे टळत नाही, फक्त चालक बदलतो. बोटीचा पर्याय आकर्षक वाटतो, पण हवामानामुळे परतीचा मार्गच बंद होण्याची शक्यता मला अस्वस्थ करते, कारण सोमवारी मुलीची शाळा आहे. डहाणू-बोर्डीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

प्रतिसाद: बोरिवलीकर

बोर्डीविषयी मी लिहितो, कारण माझे आजोळ घोलवडचे आहे. आपली चार तासांची कसोटी येथे लागू पडते. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जातात आणि दादरहून प्रवासाला अडीच ते तीन तास लागतात. आपण मात्र लोकलने जाऊ नये, कारण सुट्टीच्या सकाळी विरारपर्यंत उभे राहणेही सासूबाईंना शक्य होणार नाही. गुजरातकडे जाणाऱ्या काही लांब पल्ल्याच्या गाड्या डहाणू रोडला थांबतात. त्यांतील आरक्षित आसने आजच पाहा. डहाणू रोड स्थानकाबाहेरून बोर्डीपर्यंत रिक्षा मिळते. रस्ता समुद्राच्या कडेने, चिकूच्या वाड्यांमधून आणि जवळजवळ पूर्णपणे सपाट जातो, हा आपल्या दृष्टीने मोठा गुण आहे.

येथे पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर 'फारसे काही नाही' असे आहे आणि म्हणूनच मी हे ठिकाण सुचवतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, त्यामुळे उद्योगांवर बंधने आली आणि वाड्या टिकल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूचा खरा हंगाम थंडीतला, त्यामुळे ऑक्टोबरात झाडावरून काढलेल्या ताज्या फळांची फार अपेक्षा ठेवू नये, पण काही वाडीवाले बाग हिंडून दाखवतात. वारली चित्रे काढणारे कलाकार या भागात आहेत. निवासाच्या मालकांना आधी सांगितल्यास मुलीसाठी एखादी सकाळ तशी बेतता येते. बाहरोट लेण्यांची चढण आपण टाळा. उदवाडा जवळ असले तरी तेथील अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, बाहेरून गाव पाहता येते.

किनाऱ्यासंबंधी थोडे विस्ताराने सांगतो, कारण बोर्डीला जाऊन निराश झालेले बहुतेक लोक चुकीच्या वेळी किनाऱ्यावर गेलेले असतात. हा किनारा अतिशय उथळ आहे आणि ओहोटीला पाणी इतके मागे जाते की पुढे नुसता चिखल दिसतो. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. आपण जाणार ते दिवस वद्य षष्ठी ते अष्टमीच्या सुमाराचे आहेत, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि सायंकाळी साडेचार ते सहाच्या दरम्यान येईल. शिवाय ते भांगाचे दिवस असल्याने पाण्याला उधाणाचा जोर नसेल. संध्याकाळी पाणी जवळ आलेले असताना सुरूच्या झाडांखाली सासूबाईंसाठी खुर्ची टाकावी आणि मुलीने काठावर खेळावे. दुपारी बारा वाजता मात्र तेथे जाऊ नये. ऑक्टोबरातील ऊनही तेव्हा सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट. २ ऑक्टोबरला मद्यविक्री बंद असते, त्यामुळे निदान शुक्रवारी किनाऱ्यावरचा गोंगाट कमी असण्याची आशा आहे. शनिवारची हमी मी देत नाही.

प्रतिसाद: माझगावचा रहिवासी

बोरिवलीकरांच्या भरतीच्या हिशेबाला एक पुरवणी जोडतो: भांगाच्या दिवसांत अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीतही कोरड्या पायांनी जाता येईलच असे नाही. त्यामुळे आपण बोर्डी निवडल्यास माझी तक्रार नाही.

धागाकर्ती

बोरिवलीकर, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. घरी वाचून दाखवले आणि 'खुर्ची टाकून बसायचे' हे ऐकताच सासूबाईंनी निर्णय देऊन टाकला. जाण्याची आसने शुक्रवार सकाळची पाहतो आहोत. परतीसाठी रविवारी संध्याकाळऐवजी दुपारी जेवण करून निघावे, असा विचार आहे.

आता दोनच प्रश्न उरले आहेत. बोर्डी किंवा घोलवडमध्ये तळमजल्यावर खोली, कमोड आणि घरगुती शाकाहारी जेवण या तीनही सोयी एकत्र मिळतील असे निवास साधारण कोणत्या बाजूला शोधावे, किनाऱ्यालगत की वाड्यांच्या आतल्या भागात? आणि रविवारी दुपारी बोर्डीहून डहाणू रोडला येण्यासाठी रिक्षा आयत्या वेळी मिळते, की आदल्या दिवशीच सांगून ठेवावी लागते?

प्रतिसाद: बोरिवलीकर

वाड्यांच्या आतल्या भागात पाहा. तेथे बैठी घरे अधिक आहेत आणि जेवण घरातूनच येते. कमोडविषयी फोनवर विचारून थांबू नका, छायाचित्र मागवा. रिक्षा आदल्या दिवशीच ठरवा, शुक्रवारी ज्या रिक्षाने जाल त्याच चालकाचा क्रमांक घेऊन ठेवलात तर उत्तम.