जॉर्जटाउनच्या भिंती आणि आपली पोरं: अनुभव लिहा

पायपीट

मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाउनला मुलांना घेऊन गेलेल्यांनी इथे जरूर लिहावं. अर्नेस्ट झकारेविच या लिथुआनियन चित्रकाराने २०१२च्या जॉर्जटाउन फेस्टिव्हलसाठी तिथल्या जुन्या भिंतींवर मुलं रंगवली आणि त्यांना खरीखुरी सायकल, खरी मोटारसायकल, खरी खुर्ची जोडली. तेव्हापासून चित्रं शोधत गल्ल्या पालथ्या घालणं हा तिथला रिवाजच झालाय. नकाशे भरपूर मिळतात, पण पोरांसोबत तो दिवस कसा जातो हे फारसं कुणी लिहीत नाही.

आधी माझं सांगते. लेक सहा वर्षांची. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलच्या चित्रापाशी फोटोसाठी रांग होती. ती रांगेत काही थांबेना, पण बाजूला उकिडवी बसून टक लावून बघत राहिली. "आई, मागचा बाळ ताईला किती घट्ट धरून बसलाय!" कॅनन स्ट्रीटवर खुर्चीवर उभा राहून वर हात पोचवणारा मुलगा आहे. त्याला वरचं काय हवंय, यावर रात्री झोपेपर्यंत गोष्टी रचणं चालू होतं. फोटो एकही धड नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

नातवाचे आजोबा

आमच्या नातवाला (वय नऊ) रंगीत चित्रांपेक्षा सळ्यांची चित्रं भावली. पोलादी सळ्या वाकवून केलेली व्यंगचित्रं गावभर भिंतींवर लावली आहेत, एकूण ५२. प्रत्येकात त्या-त्या गल्लीची हकिकत चार शब्दांत लिहिलेली असते. तो इंग्रजी मोठ्याने वाचायचा, मी मराठीत रंगवून सांगायचो.

सू हाँग लेन ही अगदी चिंचोळी गल्ली, तिथल्या चित्राचा विषयच तो चिंचोळेपणा. नातवाने लगेच हात पसरून गल्ली मोजली. मुंत्री स्ट्रीटवरच्या चित्रात जिमी चू. हा जगप्रसिद्ध चपला-बुटांचा कारागीर तिथेच उमेदवारी करत होता. 'आ क्वी' हे एका रस्त्याचं नाव. या नावाच्या धनिकाने रस्त्यासाठी आपली जागा दिली आणि बदल्यात रस्त्याला त्याचं नाव लागलं. यावर नातू म्हणाला, "म्हणजे आपणपण जागा दिली तर?" मग घरी येईपर्यंत आमच्या अंगणाचे सौदे चालू होते.

सगळ्यात रंगलं ते कॅनन स्ट्रीटवर (कॅनन म्हणजे तोफ). १८६७च्या दंगलीत तोफगोळ्यांनी भोकं पडली, त्यावरून हे नाव पडल्याचं तिथलं चित्र सांगतं. "लढले कोण?" हा प्रश्न आलाच. चिनी गुप्त मंडळ्यांचे दोन गट, आणि दोघांच्या बाजूने स्थानिक मुस्लिम टोळ्या. हे नऊ वर्षांच्या मुलाला समजावताना मलाच पायरीवर टेकावं लागलं. अर्धा तास तिथेच गेला. पुढची चित्रं राहिली तर राहिली. मुलगा विचारतोय तोवर नकाशा खिशात ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

बाबागाडी

दोन वर्षांखालचं मूल असेल तर नीट वाचा. तिथल्या दुकानांपुढे 'फाइव्ह-फूट वे' म्हणतात ते छताखालचे ओटे आहेत. सावलीला उत्तम, पण प्रत्येक दुकानाचा ओटा वेगळ्या उंचीवर, मध्येच पायरी, मध्येच लावलेली स्कूटर. बाबागाडी सतत उचलावी लागते. बाळाला अंगाशी बांधायची झोळी न्या.

दुसरं घड्याळाचं. मलेशियाचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे धावतं. उजाडतंच सातनंतर, आणि सूर्य डोक्यावर येतो तो एकनंतर. त्यामुळे सकाळी साडेसात-आठला निघालात तर हवा सुखाची असते, भिंतींपुढे गर्दीही नसते. अकरानंतर मुलं कोमेजतात. गावात फिरणारी मोफत 'कॅट' बस तेव्हा फार उपयोगी पडते.

कॅमेऱ्यामागची

आमचा चौदा वर्षांचा. "भिंती काय बघायच्या" म्हणत निघालेला. त्याच्या हातात कॅमेरा दिला आणि आम्ही मागे राहिलो. चित्रांपेक्षा त्याचा जीव पोपडे उडालेल्या भागांवर. त्या जुन्या इमारतींचा गिलावा चुन्याचा, हवा दमट, त्यावर ऊन-पाऊस. रंग टिकणार कसा? चू जेटी या पाण्यावरच्या वस्तीतलं नावेतल्या मुलांचं चित्र इतकं विटलं होतं, की त्याने आधीचा फोटो शोधून शेजारी धरला. "जपत का नाहीत?" आणि "पुसलं जाणार हे माहीत असूनच काढलं असेल" असे दोन्ही पक्ष त्याने स्वतःच मांडले. वारसा म्हणजे काय, यावर तो आमच्याशी इतकं कधी बोलला नव्हता. २००८मध्ये गाव जागतिक वारसा यादीत आलं ते भिंतींवरच्या चित्रांआधी, हे त्यानेच रात्री शोधून सांगितलं.

खाडीकाठचा

चू जेटीचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो. पाण्यात खांब रोवून उभारलेली ती घरं आहेत, आणि त्यांत माणसं राहतात. एक कुटुंब एका घराच्या उघड्या दारात मुलांना उभं करून फोटो काढत होतं, आत आजीबाई जेवत होत्या. मला ते सहन झालं नाही, मी जाऊन बोललो. मुलांना निघण्यापूर्वीच सांगा: दारात डोकवायचं नाही, आवाज हळू. आमच्या मुलींनी हे इतकं मनावर घेतलं की त्या फळ्यांवरून चवड्यांवर चालत होत्या.

तीन पोरांची आई

थोडक्यात. मुंत्री स्ट्रीटवरच्या निळ्या कपड्यांतल्या भल्यामोठ्या मुलीला धाकटा घाबरला, लगेच निघालो. मोठ्या दोघी तिच्यासारखे हात पसरून लोंबकळल्याचा अभिनय करत होत्या. मांजरांची चित्रं तिघांनाही आवडली. क्वीन स्ट्रीटला १८३३चं मरिअम्मन मंदिर आहे, तिथे फुलांचा वास आला आणि धाकटा म्हणाला, "आपण घरी आलो?"

पायपीट

बाबागाडी, साडेसातला निघायचं तर मुलांच्या नाश्त्याचं काय केलंत? आणि आजोबा, दोरखंडाच्या गल्लीतलं, रोप वॉकवरचं सळ्यांचं चित्र बघितलंत का? आम्हाला सापडलं नाही. कुठल्या कोपऱ्यावर आहे ते कुणीतरी सांगा.