मांडवीतला प्लेग, १९०५-०६: उंदरांच्या आणि माणसांच्या नोंदी जुळवायच्या कशा?

प्रश्न:
मुंबईच्या मांडवी वॉर्डातले आठवडावार मृत्यू आणि परळच्या प्रयोगशाळेत तपासलेले प्लेगी उंदीर एका आलेखावर घेतले आहेत. उंदरांची रेषा बरीच आधी चढते. शिवाय नुसत्या 'तापा'च्या नावाने नोंदलेले मृत्यू खूप आहेत. ते धरायचे का?

उत्तर १:
उंदरांची रेषा आधी चढणारच. प्लेग संशोधन आयोगाला मुंबईत दिसलेला क्रम असा: आधी गटारातला तपकिरी उंदीर पडतो, साधारण दहा दिवसांनी घरातला काळा, आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी माणसं. शेवटच्या टप्प्याचा हिशेब सरळ आहे. मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा ते सोडतात, आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर तीनेक दिवसांत भुकेपोटी माणसाला चावतात. पुढे ताप यायला सुमारे तीन दिवस, मृत्यूपर्यंत आणखी पाच-सहा. म्हणून दोन जातींची बेरीज करू नका. माणसांची रेषा दोन आठवडे आधीच्या तारखांकडे ओढून फक्त काळ्या उंदरांशी ताडून पाहा.

आणखी एक: प्लेगी उंदरांची नुसती संख्या घेऊ नका, तपासलेल्यांशी प्रमाण काढा. सापळे वाढवले की संख्या आपोआप फुगते. मेलेले सापडलेले आणि सापळ्यात जिवंत धरलेले यांचे स्तंभही वेगळे ठेवा. मेलेल्यांत लागण कितीतरी जास्त निघते.

उत्तर २:
'ताप' सरसकट धरू नका, सोडूही नका. विलगीकरण आणि घरझडतीच्या धास्तीने लोक प्लेग लपवत, त्यामुळे कारणाच्या रकान्यावर फार विसंबता येत नाही. सर्व कारणांचे एकूण मृत्यू घ्या, त्यातून १८९६ पूर्वीच्या, म्हणजे मुंबईत प्लेग येण्याआधीच्या, पाच वर्षांची त्याच आठवड्याची सरासरी वजा करा. उरलेली वाढ नोंदलेल्या प्लेगपेक्षा जास्त भरली, तर तो फरक लपलेल्या प्लेगचा असण्याचा संभव मोठा. मात्र त्याच आठवड्यांत देवी किंवा पटकी होती का, हे आधी बघा.

दर काढताना भाजक जपून निवडा. १९०१ ची शिरगणती १ मार्चला, ऐन साथीत झाली. लोक गावी पळाले होते, म्हणून शहर ७,७६,००६ वर आलं. १८९१ मध्ये ते ८,२१,७६४ होतं. १९०१ च्या आकड्याने भागलं तर मृत्यूदर फुगतो.

उत्तर १:
इस्पितळातले मृत्यू राहत्या पत्त्यावर टाका. नाहीतर आर्थर रोडच्या इस्पितळाचा परिसर विनाकारण प्लेगचं केंद्र दिसेल आणि मांडवी निरोगी.