मदत हवी आहे: सेकंडहँड मियाटा, कापडी टप की आरएफ?

उनाडवारा

एडिसन, न्यू जर्सीहून विचारतोय. सेकंडहँड माझदा एमएक्स-5 घ्यायची हे पक्कं आहे (दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार, इकडे सगळे तिला मियाटाच म्हणतात). 2019 किंवा त्यापुढची, मॅन्युअल गिअरची. घोडं अडलंय ते टपावर. हाताने दुमडायच्या कापडी टपाची घ्यावी, की मोटरवर उघडणाऱ्या कडक टपाची आरएफ?

अपार्टमेंट आहे, गॅरेज नाही. गाडी बाराही महिने उघड्यावर राहणार. रोज जाऊन-येऊन 60 मैल, त्यातले बरेचसे टर्नपाइकवर (इथला टोलचा हायवे). उंची 6 फूट 1 इंच. वर्षातून एखादा ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) करायची इच्छा आहे. घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे मागच्या सीटचा प्रश्न नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, कडक टप म्हणजे बॉडी मजबूत, आणि बर्फात कापड टिकत नाही. यात तथ्य किती?

नटबोल्ट

मजबुतीचं आधी निकालात काढू. कूपेचा (कायमच्या टपाच्या दोन दारी गाडीचा) टप हा सांगाड्याचाच भाग असतो. तो काढला की बॉडी पिळायला लागते. म्हणून पोर्शची केमन तिच्याच उघड्या बहिणीपेक्षा, बॉक्स्टरपेक्षा, ताठ आहे. मियाटात हा हिशेब लागू नाही. ती पहिल्यापासून उघडी गाडी म्हणूनच आखलेली. ताकद फरशीत, दाराखालच्या सिलमध्ये आणि मधल्या बोगद्यात. आरएफचा टप वर नुसता बसतो, भार पेलत नाही. उलट मोटरा आणि पत्र्याचं साधारण 50 किलो वजन वाढतं, तेही गाडीच्या वरच्या अंगाला.

टप उघडायला आरएफ सुमारे 13 सेकंद घेते, ताशी 6 मैलांपर्यंतच्या वेगात, आणि तेवढा वेळ बटण दाबून धरावं लागतं. कापडी टपाला मधोमध एक खटका आहे. तो सोडा, सीटवर बसूनच हात मागे न्या, टप मागे खाली दाबा, झालं. सिग्नलला हिरवा व्हायच्या आत. डिकी 130 लिटर विरुद्ध 127, म्हणजे फरक नाहीच.

तुमचा खरा प्रश्न उंचीचा आहे. डोक्यावरची जागा कापडीत 37.4 इंच, आरएफमध्ये 37.0. कागदावर अर्ध्या इंचाहून कमी, पण 6 फूट 1 इंचाला तेवढ्यात केस टपाला लागतात. 2019 पासून स्टिअरिंग मागेपुढे सरकतं, त्यामुळे सीट थोडी मागे कलवता येते. 2019 ची अट घातलीत ते बरं केलंत. इंजिनही त्याच वर्षी 155 वरून 181 हॉर्सपॉवरवर आलं आणि 7500 आरपीएमपर्यंत फिरतं.

आता टर्नपाइक. टप बंद ठेवून चालवणार असाल तर आरएफ शांत, यात वाद नाही. (शांत म्हणजे मियाटाच्या मानाने. कॅमरीसारख्या सेडानची अपेक्षा नको.) पण टप उघडून 65 च्या वर गेलात की आरएफच्या मागे तसेच उभे राहणाऱ्या दोन खांबांमध्ये वारा कोंडतो आणि कानाशी धडधड सुरू होते. कापडी टप उघडल्यावर मागे काहीच उरत नाही, वारा मोकळा निघून जातो. त्याच खांबांमुळे लेन बदलताना मागचा कोपराही झाकला जातो. तेव्हा हायवेवर टप उघडणार की नाही, हे आधी ठरवा.

पाचवागिअर

नटबोल्टशी सहमत, फक्त ट्रॅकचं राहिलं. आरएफ घेतली की आयोजक तिला बंद गाडी धरतील या भ्रमात राहू नका. बरेच क्लब तिला कन्व्हर्टिबलच (उघडणाऱ्या टपाची गाडी) मानतात आणि सीटमागच्या मूळ कमानी त्यांना पुरत नाहीत, बोल्टने बसवलेला रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) मागतात. शिवाय झाडूच्या दांड्याची चाचणी असते. रोलबारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीपर्यंत दांडा ठेवायचा आणि हेल्मेट घातलेलं डोकं त्याखाली राहिलं पाहिजे. 6 फूट 1 इंचाला बहुधा इथेच अडतं. मग सीटचा फोम काढणं किंवा खाली बसणारी सीट घालणं आलं. क्लबागणिक नियम वेगळे, म्हणून ज्यांच्याकडे जायचंय त्यांची नियमावली गाडी घेण्याआधी वाचा.

ट्रॅकची हौस खरी असेल तर टोयोटा जीआर86 एकदा चालवून बघा. कायमचा पत्र्याचा टप, 2.4 लिटर, 228 हॉर्सपॉवर. मियाटापेक्षा दोनेकशे किलो जड, पण मागची सीट पाडली की चार चाकं आत मावतात. मियाटात एक चाक न्यायचं तरी शेजारच्या सीटला पट्टा बांधून बसवावं लागतं.

उनाडवारा

जीआर86 नको, टप उघडता येणं हीच तर गंमत. पण बर्फाचं कोणीच बोललं नाही.

मीठपाणी

बर्फाने कापड मरत नाही. मरतं ते माणसांच्या घाईने. तीन गोष्टी सांभाळा.

कापड 40 फॅरनहाइटच्या खाली ताठ होतं, तेव्हा दुमडू नका. टपावरचा बर्फ मऊ कुंच्याने झाडा, काचेवरचा खरवडणारा प्लास्टिकचा पत्रा तिकडे नेऊ नका. ओला टप दुमडून ठेवू नका, घडीत बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याला कापड मऊ ब्रश आणि कापडी टपाच्या क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पाणी झटकणारा स्प्रे मारा. मारताना काच आणि रंगावर कागद चिकटवा, नाहीतर काचेवर धुकट थर बसतो. फिरत्या ब्रशचं कार वॉश वर्ज्य.

खरा त्रास दाराच्या काचेचा आहे आणि तो दोन्ही गाड्यांत सारखाच. काचेला चौकट नाही, तिची कड थेट रबराला टेकते.  रात्री गोठली तर रबराला चिकटते. तसंच दार ओढलंत तर रबर फाटू शकतं. थंडी सुरू होण्याआधी सगळ्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बॅटरी काढून लावली तर काच पुन्हा 'शिकवावी' लागते. पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि वर गेल्यावर दोनेक सेकंद बटण ओढून धरायचं.

आणि टपाची चर्चा करता करता टायर विसरू नका. मूळ 17 इंची समर टायर 45 फॅरनहाइटच्या खाली लाकूड होतात. विंटर टायर 16 इंची चाकांवर स्वस्त पडतात, मात्र ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक असलेली गाडी घेतलीत तर मूळ 16 इंची चाकं ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यावर) बसत नाहीत.

उनाडवारा

शनिवारी दोन पाहिल्या. 2020 ची कापडी: टप स्वच्छ, पण ड्रायव्हरच्या सीटमागचं कार्पेट दमट आणि आत कुबट वास. 2019 ची आरएफ: टप बंद होताना शेवटी थबकला, बटण पुन्हा दाबल्यावर बसला. खराब रस्त्यावर डोक्यावर करकर. दोन्हीचे विक्रेते म्हणतात, 'हे नॉर्मल आहे.'

नटबोल्ट

करकर नॉर्मल, थबकणं नाही.

करकर म्हणजे टपाचे तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तिथलं कोरडं रबर. पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेक जाते. थबकण्यासाठी इंजिन चालू ठेवून टप लागोपाठ तीनदा उघडा-मिटा. इंजिन बंद असताना तपासला असेल तर दोष नुसत्या थकलेल्या बॅटरीचाही असू शकतो. बटणावरून अंगठा सुटला तरी टप थांबतो. अंगठा न सोडता, इंजिन चालू असताना पुन्हा थबकला, तर सेन्सर, मोटर किंवा सांधा बघावा लागेल. डीलरकडून स्कॅन झाल्याशिवाय पैसे देऊ नका. टप उघडताना मागचे दोन्ही खांब क्षणभर वर उचलले जातात, ते एकदम उठतात का आणि बसल्यावर दोन्हीकडची फट सारखी आहे का, तेही बघा.

कापडी गाडीत पाणी कापडातून आलेलं नसणार. टपावरचं पाणी कडेने उतरून सीटमागे दोन्ही बाजूंच्या पन्हळींत जातं आणि तिथून नळीने गाडीखाली पडतं. झाडाखाली उभी राहणारी गाडी असेल तर पानांचा चुरा आणि माती नळीच्या तोंडाशी बसते. पाणी मग पन्हळ भरून आत येतं.

तपासायचं असं. टप अर्धा उचला, तांब्याभर पाणी पन्हळीत हळूहळू ओता आणि दुसऱ्याला मागच्या चाकाच्या पुढे वाकून बघायला सांगा. लगेच धार पडली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी टोक गोल करून आत सरकवा आणि फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आत कुठेतरी नळी जोडातून निसटते आणि मग पाणी थेट सिलमध्ये.

धार नीट पडत असेल तर मात्र होजपाइप घ्या. खालून सुरुवात करून वर जायचं: आधी दाराच्या काचेची कड, मग पुढचा कोपरा, शेवटी मागच्या काचेचा जोड. प्रत्येक जागी पाच मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन. टप दुमडताना सांगाड्याचा सांधा कापडाला घासतो, दाराच्या काचेच्या वर मागच्या बाजूला. तिथे बोट फिरवून कापड विरलंय का बघा.

पन्हळ तुंबलेली निघाली तर घाबरू नका, भावात घासाघीस करा. पण त्याआधी सीट पूर्ण पुढे घेऊन कार्पेट उचला आणि खालचा फोम दाबा. हाताला पाणी लागलं तर गाडी बरेच दिवस भिजते आहे. तसं असेल तर सीटबेल्टचा खालचा बोल्ट आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. गंज तिथे आधी दिसतो.

उनाडवारा

रविवारी तांब्या घेऊन जातो.