दर महिन्याला न चुकता देणाऱ्या देणगीदारांशी नातं कसं वाढवावं? सल्ला हवा आहे

बालाघाटी
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात आमच्या छोट्या ट्रस्टचं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की मुलं आमच्याकडे येतात, पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, आईबाप परतले की घरी जातात. खर्चाचा मोठा वाटा दीडशेएक मासिक देणगीदार उचलतात. बहुतेक पुणे, डोंबिवली, नाशिककडचे. कुणी ३०० देतं, कुणी १०००. मोठ्या देणग्या येतात-जातात, किराणा मात्र यांच्याच पैशांवर भरला जातो.

यांच्याशी आमचा संबंध पावतीपुरता आहे. दिवाळीला शुभेच्छा, मार्चमध्ये 'करबचतीसाठी देणगी द्या', बस्स. आता एक विश्वस्त म्हणतात की सगळ्यांना रक्कम वाढवायची विनंती करू. मला ते खटकतंय, पण त्याऐवजी काय करावं ते सुचत नाही. ऑफिसात आम्ही दोघंच, त्यामुळे महागडं सॉफ्टवेअर वगैरे नको.

हिशेबनीस
आधी कागद सरळ करा, प्रेम नंतर. ८०जीसाठी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीसाठी, नुसती तुमची पावती चालत नाही, फॉर्म १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र लागतं. ते ३१ मेपर्यंत देणगीदाराच्या हातात पडलं पाहिजे. उशीर केलात तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क ट्रस्टलाच. विवरणपत्र भरताना जून-जुलैत 'माझं प्रमाणपत्र कुठंय?' असा फोन तुम्हाला येत असेल, तर तिथंच नातं उसवतंय असं समजा.

आणि तो मार्चचा मेसेज बंद करा. २०२३-२४पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. पगारदार मंडळींपैकी कितीतरी जण नव्या प्रणालीत गेलेत, तरी तुम्हाला देतच आहेत. त्यांना कर वाचवायचं आमिष कशाला?

पेन्शनर
देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मी दोन संस्थांना महिन्याला पैसे देत होतो, आता एकीलाच देतो. जिचं बंद केलं तिचं काम वाईट नव्हतं. पण दर पंधरवड्याला नवं आवाहन यायचं, आणि प्रत्येकात मी पहिल्यांदाच देणार असल्यासारखी भाषा. 'आपणही या कार्यात सहभागी व्हा.' अहो, मी सात वर्षं सहभागीच आहे की! शेवटी वैतागून ऑटोपे रद्द केला, तर त्याबद्दल विचारायलाही कुणाचा फोन आला नाही.

दुसरी संस्था वर्षाला दोन पत्रं पाठवते, साध्या कागदावर. त्यात फसलेलंही लिहितात. एका वर्षी लिहिलं होतं की शिवणवर्ग काढला, बायका आल्या नाहीत, कारण वर्गाची वेळ पाणी भरायच्या वेळेलाच ठेवली होती. ते वाचून माझा विश्वास वाढला. सगळं छान चाललंय असं सांगणाऱ्यांचा मला संशय येतो, नोकरी ऑडिटमध्ये गेली म्हणून असेल.

रानजाई
पेन्शनर काका, शंभर टक्के अनुमोदन.

बालाघाटी, मी बरीच वर्षं देणगीदार-संपर्काचं काम करते. फोन करा, आणि त्या फोनवर काहीही मागू नका. 'तुम्ही इतकी वर्षं देताय, आभार मानायला फोन केला. एक विचारायचं होतं, तुम्ही आमच्याकडे कसे आलात?' एवढंच. मग ऐका. कुणाची आई शिक्षिका होती, कुणी स्वतः वसतिगृहात राहून शिकलेलं असतं, कुणाचं गाव केज नाहीतर पाटोदा. हे वहीत किंवा एक्सेलमध्ये नावापुढे टिपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच धाग्यानं बोलता येतं. रोज संध्याकाळी दोन-तीन फोन केलेत तरी एका हंगामात सगळी यादी होईल. सुरुवात सगळ्यांत जुन्यांपासून करा, सगळ्यांत मोठ्या रकमेपासून नव्हे. तीनशे रुपयेवाल्याला असा फोन सहसा कुणी करत नाही.

दुसरं, हप्ता चुकला म्हणजे माणूस गेला असं नाही. कार्डाची मुदत संपते, बँक बदलते, खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते. यूपीआय ऑटोपेत पैसे कापायच्या आदल्या दिवशी सूचना जाते, ती पाहून काही जण थांबवतातही. महिनाअखेरीला चुकलेल्यांची यादी काढा आणि आधी ख्यालीखुशाली विचारा. नोकरी गेलेली असेल तर तुम्हीच म्हणा, 'सहा महिने थांबवू या का?' असं म्हटलेली माणसं परत येतात, हा माझा अनुभव.

डोंबिवली_फास्ट
वर्षातून एकदा सगळ्यांना वसतिगृहावर बोलवा की. जेवण, मुलांचा कार्यक्रम, गप्पा. स्वतः पाहिलं की माणूस जोडला जातो.

रानजाई
इथे मात्र माझा विरोध. मुलांना रांगेत बसवून स्वागतगीत म्हणायला लावणं, पाहुण्यांच्या हातून वह्या वाटणं आणि फोटो, हे नको. त्या मुलांचं घर आहे ते सहा महिन्यांचं. बोलवायचंच तर मुलं गावी गेल्यावर, मे महिन्यात बोलवा आणि शिक्षक, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, जमले तर परतलेले पालक यांच्याशी भेट घडवा. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कशी घेतात, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आजीआजोबा नसले तर पोरं फडावर का न्यावी लागतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

डोंबिवली_फास्ट
मुद्दा पटला. मला हे सुचलंच नव्हतं. पण बीडला मे महिन्यात? देणगीदार वितळतील हो.

पेन्शनर
आम्ही येऊ. टोपी घालून.

जाता जाता, थोडंथोडं गोळा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला तो पैसा फंडातून, माणशी पैसा जमवून. एक पैसा देणाराही कारखाना आपला म्हणत असेल.

बालाघाटी
सगळ्यांचे आभार. पाच जुन्या देणगीदारांना फोन केले. एक बाई चक्क रडल्या, मला काय बोलावं कळेना. दोन प्रश्न उरलेत. रक्कम वाढवायचं कधी विचारायचं? आणि एकांचा मुलगा अमेरिकेत आहे, तोही महिन्याला देईन म्हणतोय. चालेल?

हिशेबनीस
पासपोर्ट विचारा. भारतीय असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. भारतातल्या खात्यातून रुपयांत पाठवतो म्हणाला तरी नाही.

रानजाई
वाढीचं वर्षातून एकदा, जूनमध्ये, हिशेब पाठवताना विचारा. आकडा उघड मांडा: गेल्या हंगामात एका मुलाचा महिन्याचा खर्च इतका होता, आता गॅस-डाळ धरून इतका झालाय. शेवटी लिहा, 'जमलं तर वाढवा, आहे तेवढंच चालू ठेवलंत तरी आमचा किराणा चालतो.' हे वाक्य विश्वस्तांना काढू देऊ नका. ते काढायला लावतीलच.

बालाघाटी
कालच मसुदा दाखवला. तेच वाक्य खोडलंय. आज पुन्हा घातलं.