वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या कामाविषयी लिहायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

हरिपूरकाठ:
नमस्कार. माझे वडील गेल्या श्रावणात, वयाच्या 74 व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका छापावी असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. परंतु धाकट्या भावाने लिहिलेला मजकूर वाचला आणि मी अडलो. ‘प्रेमळ, कष्टाळू, निर्व्यसनी, विठ्ठलभक्त’ हे सारे वाचून वाटले, की हाच मजकूर गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याच्या फोटोखाली चालून जाईल. (निर्व्यसनी म्हणावे, तर तंबाखूची चंची शेवटपर्यंत त्यांच्या उशाखाली होती.)

वडिलांची उमेदीची तीसेक वर्षे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांवर गेली आणि 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून ते काम बसले, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मार्केट यार्डात पोती उचलायला सुरुवात केली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली, त्यावर “आता पेवं कुठं ऱ्हायलीत?” एवढेच ते बोलले. नातवंडांना आठवतात ते दारात बसून शेंगा फोडून देणारे आजोबा. माझ्या नववीतल्या मुलीने परवा विचारले, की आजोबा पेवात नेमके काय करायचे, आणि “हळद भरायचे” यापलीकडे मला काही सांगता आले नाही. ही माहिती कशी मिळवावी आणि कशी लिहावी?

तासगावचा बेदाणा:
माझे मामा पेवावरच्या टोळीत होते, म्हणून ऐकलेले सांगतो. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे असते आणि खाली ते रांजणासारखे रुंद होत जाते. आत हवा खेळत नसल्यामुळे हळदीला कीड लागत नाही व ती वर्षानुवर्षे टिकते, पण त्याच कारणाने बंद पेवातला प्राणवायू कमी होऊन तेथे माणूस गुदमरू शकतो. त्यामुळे पेव आधी काही तास उघडे ठेवत, मग दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडत, आणि कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नसे. वडिलांच्या टोळीतले जे कोणी हयात असतील त्यांना गाठा आणि ‘ते कसे होते’ असे विचारू नका, कारण त्याला ‘देवमाणूस’ हेच उत्तर मिळते. कंदील कोण सोडायचे, पहिल्यांदा कोण उतरायचे, पाटी वर कोण ओढायचे, असे विचारा.

कोयनेकाठची:
आम्ही पाटण तालुक्यातल्या. माझे वडील मुंबईत माथाडी होते आणि यात्रेला व गणपतीला तेवढे घरी येत, त्यामुळे त्यांच्याविषयीची माझी बरीच माहिती कागदांतून आलेली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि हमालांची मंडळाकडे नोंदणी होऊ लागली. वडिलांचे नोंदणीचे कार्ड, हजेरीच्या चिठ्ठ्या आणि आईने पत्र्याच्या डब्यात जपलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या मी तारखांप्रमाणे लावल्या, तेव्हा दर जूनमध्ये रक्कम थोडी मोठी दिसली. ती आमच्या वह्यापुस्तकांची होती. तुमच्या वडिलांच्या यार्डातल्या वर्षांचे असे कागद पेटीत असतील, ते कोणी रद्दीत घालण्यापूर्वी पाहून घ्या.

निवृत्त मास्तर, सातारा:
एक सूचना. शेंगा फोडून देणाऱ्या आजोबांविषयीचे पान तुम्ही लिहू नका, मुलीला लिहू द्या आणि तिचे शुद्धलेखन वगळता त्यात काही दुरुस्त करू नका. कष्टांचे वर्णन करताना त्यांच्या गुडघ्यांचे काय झाले, तेही लिहा.

हरिपूरकाठ:
सर्वांचे आभार. टोळीतले दोघे जण भेटले. आमचे वडील बहुधा वरच असत, कंदिलाचा दोर त्यांच्या हाती असे आणि ‘उतरा’ हा शब्द त्यांचाच चाले. एकदा एका व्यापाऱ्याला माल तातडीने हवा होता, गाडी येऊन उभी होती, आणि कंदील दोनदा विझला. “तुमची गाडी थांबंल, माझा माणूस उतरणार न्हाई,” असे म्हणून त्यांनी दोर गुंडाळला आणि साऱ्या टोळीची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

तो दिवस मला घराच्या बाजूने आठवतो. भर दुपारी वडील घरी आले, आईने विचारले तरी काही न बोलता ओसरीवर पालथे पडून राहिले, आणि माझ्या सहलीचे पैसे त्या आठवड्यात भरता आले नाहीत. त्यावरून मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. हे दोन्ही बाजूंनी जसेच्या तसे लिहिले आहे. कंदील माळ्यावर सापडला. काच फुटलेली आहे, पण कडीला दोराची गाठ अजून आहे, तिचाच फोटो मुखपृष्ठावर घेत आहोत. शेंगांचे पान मुलीने लिहिले, गुडघ्यांचे आईने सांगितले. ‘निर्व्यसनी’ हा शब्द मात्र भाऊ अजून काढू देत नाही.